मदत हवी आहे: रेसिप्रो सॉचा पॉवर स्क्रॅपर केला, पातं उड्या मारतंय

प्रश्न
नमस्कार मंडळी. वाळूजला जुन्या लेथच्या क्रॉस स्लाइडचं (हत्यार आडवं सरकवणारा भाग) स्क्रॅपिंग, म्हणजे बीडाचा (ओतीव लोखंडाचा) पृष्ठभाग खरवडून सपाट करणं, चालू आहे. रेसिप्रो सॉला (पातं पुढे-मागे चालवणारी विजेची करवत) करवतीच्या पात्याजागी 25 मिमी रुंद पट्टी लावली, टोकाला कार्बाइडचा कठीण तुकडा ब्रेझ केला (वितळत्या धातूने जोडला). स्ट्रोक (पात्याची एका वेळची धाव) 28 मिमी. वेग कमी केला तरी आडव्या रेघा उमटतात, पात्याचा कोपरा बीडात रुततो. जास्त वॅटची मोटर घेऊ का?

उत्तर
दादा, मोटरला हात लावू नका, दोष स्ट्रोकचा आहे. 28 मिमीत उंच ठिपका तेवढाच निघत नाही, लांब चर पडतो. रफिंगला 10 मिमी, फिनिशिंगला 4-5 पुरतो. प्लग काढून झाकण उघडा. गिअरवरची पिन पातं धरणाऱ्या दांड्याच्या खाचेत फिरत असेल तर जमेल. तिरकी डुलणारी बेअरिंग असेल तर ते मशीन सोडून द्या. पिन मध्यापासून जेवढी लांब, त्याच्या दुप्पट स्ट्रोक. तुमची 14 वर आहे, 5 वर आणा. समतोलाचं वजनही त्याच प्रमाणात कमी करा, नाहीतर तीच थरथर रेघा होऊन बीडावर उतरते. मिनिटाला 800-1000 ठोके ठेवा. मंद वेगात मोटरचा पंखाही मंद फिरतो, म्हणून मधूनमधून थांबा.

आणखी एक उत्तर
कोपरा रुततो तो धार सरळ असल्यामुळे. फिनिशिंगला धारेला 60 मिमी त्रिज्येचा गोल द्या, 5 अंश निगेटिव्ह रेक (धारेच्या तोंडाचा उलटा कल) ठेवा, शेवट डायमंड व्हीलवरच करा. पट्टी स्प्रिंग स्टीलचीच हवी. ब्रेझिंग करताना तिच्या मध्यावर ओलं फडकं गुंडाळा, तिथली कडकी गेली तर लवचीकपणाही गेला. दर फेरीला दिशा 90 अंशांनी बदला. आणि पत्र्याच्या शेडखाली भर दुपारी निळी (उंचवटे दाखवणारा निळा रंग) लावून तपासू नका. 1 मीटर बीड दर अंशाला सुमारे 10 मायक्रॉन वाढतं. वरची बाजू तापली की जॉब कमानीसारखा उचलतो. जॉब रात्रभर सरफेस प्लेटजवळ (सपाटी तपासायची पाटी) ठेवा, निळी पहाटे लावा.

प्रश्नकर्ता
झाकण उघडलं, आत पिनवालीच रचना आहे! पण 5 मिमीवर भोक घेतलं तर ते शाफ्टच्या भोकात जातंय.

उत्तर
मग भोक नको. ईएन 24 ची (मजबूत मिश्र पोलाद) 6 मिमी जाड चकती घ्या, पिन तिच्याच अंगात टर्न करा. 3 एम5 कॅप स्क्रू आणि 2 डॉवेलने (जागा पक्की धरणाऱ्या पिना) ती गिअरवर बसवा. नुसत्या स्क्रूवर सोडली तर सरकेल. शाफ्टचं टोक गिअरच्या तोंडाच्या खाली घ्या. दांडा आणि गिअर यांच्यात चकतीएवढी फट आहे का, ते आधी मोजा. नसेल तर गिअरचं तोंड तेवढं ग्राइंड करावं लागेल.