मदत हवी आहे: अमेरिकेतील युनिकोईच्या जुन्या व्यापारी वाटेने गाडी कुठपर्यंत जाते?

दूरवाट: शनिवारी पहाटे निघायचे आहे, त्यामुळे कृपया लवकर कळवावे. 18व्या शतकात चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीच्या गावांमधून हरणांची कातडी ज्या वाटेने ओझ्याच्या घोड्यांवर लादून खाली जात, ती डोंगरवाट शक्य तितक्या मूळ मार्गाने गाडीतून पार करण्याची माझी फार दिवसांची इच्छा आहे. मागच्या खेपेस फोनवरच्या नकाशाने मला जंगलातल्या बंद लोखंडी फाटकापाशी नेले आणि वळायला जागा नसल्याने अर्धा मैल गाडी रिव्हर्समध्ये आणावी लागली. खिंडीत कुठून चढावे?

खडीवाट: कोणती खिंड आणि कोणती गाडी? युनिकोई नावाच्या दोन खिंडी आहेत. जॉर्जियातल्या हेलनच्या उत्तरेकडील खिंडीतून डांबरी हमरस्ता जातो. दुसरी टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवर आहे.

दूरवाट: सीमेवरची. गाडी सुबारू फॉरेस्टर, टायर कंपनीचेच.

लोरेंज: या गाडीने जाऊ नका. एखाद्या मित्राची फोर-बाय-फोर जीप घेऊन अप्पर टेलिकोच्या दगडी वाटांवर जा. खरे ऑफ-रोडिंग तिथेच आहे.

खडीवाट: ते क्षेत्र वनखात्याने 2009 मध्येच गाड्यांसाठी बंद केले. चाकांनी उकरलेला गाळ ओढ्यांत उतरून ट्राउट माशांचे पाणी बिघडत होते.

लोरेंज: वाटा दुरुस्त करता आल्या असत्या, हे माझे मत आजही कायम आहे.

सहकुटुंब: मुले बरोबर असतील तर टेलिको प्लेन्सहून चेरोहाला स्कायवेने जावे. रस्ता संपूर्ण डांबरी आहे.

दूरवाट: मी एकटाच जाणार आहे, आणि मला डांबरी रस्ता नको आहे.

खडीवाट: मग नॉर्थ कॅरोलायनातल्या मर्फी गावाहून ‘जो ब्राउन हायवे’ या रस्त्याने उनाका गावाकडे जा. हा रस्ता बराचसा जुन्या वाटेच्या जवळून जातो, आणि पुढे खिंडीतून टेनेसीतल्या कोकर क्रीक गावाकडे उतरणाऱ्या खडीच्या रस्त्याला तुमची गाडी कोरड्या दिवशी पुरेशी आहे. फाटकावरची पाटी वाचली होती का? काही वनरस्ते ठरावीक महिन्यांतच उघडे असतात.

दूरवाट: पाटी होती, पण अंधारात वाचता आली नाही.

पाऊलखूण: एक कळकळीची विनंती आहे. 1838 मध्ये सैनिकांनी मर्फीच्या फोर्ट बटलरहून हजारो चेरोकींना घराबाहेर काढून याच वाटेने पश्चिमेला चालवत नेले. कोकर क्रीकजवळ मूळ वाट झाडांमधून गेलेल्या खोलगट चरासारखी अजून दिसते, आणि तळाशी पानांचा थर साचलेला असतो. तेथे गाडी रस्त्यावरच ठेवून तेवढा भाग पायी चाला.

दूरवाट: नक्की चालेन. शुक्रवारी रात्री पाऊस पडला, तर उताराची खडी किती वेळात सुकते?