फाउंड्रीतल्या ७ इंची ग्राइंडरचं आर्मेचर टिकत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं मोटर रिवायंडिंगचं (जळालेल्या मोटरीत नवी तार भरायचं) दुकान आहे, मामांनी सुरू केलेलं. कळंब्याच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन केलं आणि पुढचं सगळं मामांच्या हाताखाली शिकलो. शेतीपंप, सबमर्सिबल, ड्रिल, कटर, ग्राइंडर, सगळं येतं. पंपाच्या मोटरीत सहसा अडत नाही. जळालेला स्टेटर, म्हणजे मोटरीचा न फिरणारा भाग, उघडला की निम्मं उत्तर तिथंच असतं. स्टार कनेक्शनमध्ये दोन फेज काळे आणि एक कोरा, किंवा डेल्टात एकच फेज जळालेला दिसला, तर एक फेज गेल्यावरही मोटर चालत राहिलेली असते. सगळीकडून सारखी करपली असेल तर लोड तरी जास्त नाहीतर व्होल्टेज तरी कमी. शेतकऱ्याला कॉइल हातात देऊन दाखवलं की त्यालाही पटतं.

अडलंय ते ग्राइंडरमध्ये. शिरोली एमआयडीसीतल्या एका फेटलिंगवाल्याचे ७ इंची ग्राइंडर आमच्याकडे येतात. कास्टिंगच्या कडेला राहिलेली जादा धातूची पापडी, म्हणजे फ्लॅश, घासायचं काम, दिवसभर. आम्ही आर्मेचर, म्हणजे मोटरीचा फिरणारा कॉइलचा भाग, भरून देतो आणि काही आठवड्यांतच तेच मशीन परत टेबलावर येतं. त्याच तारेचं, त्याच वार्निशचं, त्याच हाताचं काम सुतारांच्या आणि ग्रॅनाइटवाल्यांच्या मशीनवर महिनोन्‌महिने चालतंय. म्हणून हा धागा.

परत आलेल्या आर्मेचरवर काय दिसतं ते नीट सांगतो. कॉम्युटेटर म्हणजे शाफ्टवरची तांब्याच्या पट्ट्यांची गोल कडी, जिच्यावर कार्बन घासून करंट देतो. त्या बाजूचा ओव्हरहँग, म्हणजे स्लॉटमधून बाहेर आलेला कॉइलचा भाग, तिथं तारेवरचं इनॅमल गेलेलं असतं. जळून नव्हे, घासून. लालभडक तांबं दिसतं, पॉलिश पेपर मारल्यासारखं. कॉम्युटेटरच्या एक-दोन पट्ट्या काळ्या पडून खड्डा झालेला, आणि त्यांच्याच मागे तारेचं तोंड सुटलेलं. कार्बन एका बाजूने जास्त झिजलेला. कार्बन होल्डरमध्ये काळी भुकटी घट्ट बसलेली असते, चुंबक नेला की केसासारखी उभी राहते. म्हणजे नुसता कार्बन नाही, लोखंड आहे.

या मशीनमध्ये थंड करणारी हवा मागच्या जाळीतून आत येते, कॉम्युटेटरवरून आणि फिल्डमधून (आर्मेचरभोवतीच्या स्थिर कॉइलमधून) पुढं जाते आणि गिअरकडून बाहेर पडते. फाउंड्रीत त्या हवेबरोबर वाळू आणि लोखंडाचा कीस आत जाणारच. त्यात तिथली पोरं संध्याकाळी कॉम्प्रेसरची नळी थेट जाळीत घालून मशीन साफ करतात. मला वाटतं त्याने धूळ बाहेर पडण्यापेक्षा कॉइलच्या फटीत जास्त ठोकली जाते, आणि लाइनमधलं पाणीही जातं.

दुसरी काळजी जास्त मोठी आहे. गिअरचं डोकं अॅल्युमिनियमचं असतं आणि कामगार नेमका तिथंच हात ठेवून दाबतो. परत आलेल्या मशीनचा कार्बन आणि शाफ्ट यांच्यात ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला की रीडिंग फारच खाली दाखवतो, धुऊन सुकवल्यावर वर चढतो. म्हणजे लोखंडाची भुकटीच करंटला वाट करून देते. घामेजलेला हात, वायर दोनच, अर्थिंग नाही. अशा मशीनवर माणूस काम करत होता हे कळल्यावर झोप लागत नाही. हे कामगार ठेकेदाराकडे बहुतेक टनावर काम करतात, मशीन बंद म्हणजे त्या दिवसाची मजुरी बंद. म्हणून शॉक बसला तरी सांगत नाहीत.

विचारायचं आहे ते असं. ओव्हरहँगवर इपॉक्सी चढवावी का? वार्निशच्या आधी की नंतर? तोंड सुटू नये म्हणून तुम्ही काय करता? कंपनीच्या आर्मेचरला कॉम्युटेटरच्या पट्टीच्या हूकमध्ये तार दाबून गरम करून बसवलेली असते, आमच्याकडे ते मशीन नाही, आम्ही सोल्डर करतो. आणि इपॉक्सी चढवली तर बॅलन्सचं काय?

नवीन आर्मेचर टाका असं कृपया कोणी सांगू नका. बाजारातलं डुप्लिकेट तिथं आमच्यापेक्षा लवकर गेलंय, ओरिजिनल त्यांना परवडत नाही.

जुना वायंडर, इचलकरंजी

काळी पट्टी बघून कॉम्युटेटरला दोष देऊ नकोस. कॉइल ओपन झाली की प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी कार्बनखाली ठिणगी पडते आणि पट्टी खाते. आधी तोंड सुटलं, मग पट्टी जळाली. तेव्हा तोंड का सुटतं ते बघ.

दोन कारणं असतात. इनॅमल ब्लेडने खरवडताना तारेला बारीक चर पडते, आणि व्हायब्रेशनने तार नेमकी तिथंच तुटते. ब्लेड सोड, बारीक पॉलिश पेपर वापर आणि हूकच्या आत जाईल तेवढीच तार साफ कर. दुसरं म्हणजे सोल्डर. ६०-४० चा सोल्डर १९० अंशाच्या आसपास पातळ होतो. फेटलिंगवाला अंगाचा भार टाकून दाबतो तेव्हा कॉम्युटेटर तेवढा तापू शकतो, आणि त्या स्पीडला पातळ सोल्डर जागेवर थांबत नाही, उडून जातो. बॉडीच्या आतल्या बाजूला सोल्डरचे बारीक थेंब चिकटलेत का, टॉर्च मारून बघ. जास्त तापमानाला वितळणारा सोल्डर घे.

हूक आणि ओव्हरहँग यांच्यामध्ये तारा अधांतरी ठेवू नकोस. खाली भर दे, वरून दोरा ओढून घट्ट बांध आणि मगच वार्निश. बेकिंग वार्निश, ओव्हनमध्ये पूर्ण भाजलेलं. इपॉक्सी त्याच्यानंतर, पातळ, फक्त ओव्हरहँगवर आणि तोंडांवर. जाड थर दिलास तर उष्णता आतच कोंडते. इपॉक्सी आळेपर्यंत आर्मेचर आडवं धरून सावकाश फिरत ठेवायचं, नाहीतर ओघळून एका बाजूला जड होतं.

आणि एक. जुनी तार काढताना गॅसचा फ्लेम मारत असशील तर बंद कर. शाफ्ट आणि कोअरमध्ये प्लास्टिकची स्लीव्ह असते, तीच डबल इन्सुलेशन. ती वितळली की तुझा मेगर कधीच वर येणार नाही.

गोकुळ शिरगाव मेंटेनन्स

मी फाउंड्रीच्या बाजूने सांगतो. मशीन दुकानात येतं तेव्हा त्याला गार्ड, म्हणजे चाकावरचं संरक्षक झाकण, असतो का ते बघा. नसेल तर समजा की त्यावर ९ इंची चाक चढवलेलं आहे. ७ इंची मशीन मिनिटाला ८५०० फेऱ्यांच्या आसपास फिरतं, ९ इंची चाक साधारण ६६०० फेऱ्यांसाठीच बनवलेलं असतं. मोटर ओव्हरलोड होते हे राहू द्या, चाक फुटलं तर समोरचा माणूस वाचत नाही. ठेकेदाराला हे तुम्हीच सांगा, तुमचं ऐकेल.

हवा मारायची तर कोरडी, कमी प्रेशरने, मशीन मोकळं चालू ठेवून, चष्मा लावून. म्हणजे फॅन स्वतःच धूळ बाहेर फेकतो. दर आठवड्याला कार्बन काढून होल्डर पुसायचं काम एकाच माणसाला नेमून द्यायला सांगा, सगळ्यांचं काम म्हणजे कोणाचंच नाही. आमच्याकडे रफ कामाला हवेवर चालणारे ग्राइंडर घेतले. त्यात वायंडिंगच नाही, जळण्याचा प्रश्न मिटला. पण कॉम्प्रेसर तेवढा मोठा लागतो, छोट्या ठेकेदाराला जमणार नाही.

धागाकर्ता

काका, टॉर्च मारून बघितलं. फिल्डच्या मागे बॉडीला थेंब चिकटलेत, बारीक छर्र्यासारखे. फ्लेम आम्ही मारत नाही, ओव्हरहँग कापून तार ओढून काढतो, त्यामुळे स्लीव्ह शाबूत आहे. गार्ड मात्र आलेल्या एकाही मशीनला नाही. ठेकेदाराला फोन केला, उद्या स्वतः शिरोलीला जाऊन चाकं बघतो. गार्ड लावल्याशिवाय मशीन परत द्यायचं नाही असं मामा म्हणालेत, गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल.

आता बॅलन्सचं तेवढं राहिलं. दोन लेव्हल केलेल्या पट्ट्यांवर शाफ्ट ठेवून जड बाजू खाली येते का ते आम्ही बघतो, पण त्याने दोन टोकांचा वेगवेगळा तोल कळत नाही. कोल्हापूर, सांगली किंवा इचलकरंजीत एवढी छोटी आर्मेचर मशीनवर डायनॅमिक बॅलन्स (फिरवत ठेवून तोल) करून देणारं कोणी आहे का? एकेक नग घेणारं हवं, लॉटमध्ये नाही.