इंजिनात दोष आढळल्यावरही विमानाला मुदत का दिली जाते?

प्रश्न (नियमित प्रवासी, पुणे)
नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडिगोला ९७ ए३२० निओ विमानांची प्रॅट अँड व्हिटनी इंजिने ३१ जानेवारी २०२० पर्यंत बदलण्याचा आदेश दिला आणि नंतर ती मुदत ३१ मेपर्यंत वाढवली. टर्बाइनच्या पात्यांत दोष आहे हे माहीत असताना ही विमाने त्याच दिवशी जमिनीवर का उभी केली नाहीत?

प्रतिसाद १ (देखभाल अभियंता, निवृत्त)
दोन इंजिनांचे विमान एक इंजिन बंद पडले तरी सुखरूप उतरू शकेल, या कसोटीवरच प्रमाणित होते. खरी धास्ती असते ती एकाच उड्डाणात दोन्ही इंजिने जाण्याची. म्हणूनच त्या आदेशाच्या काही दिवस आधी, ज्यांची दोन्ही इंजिने जुन्या बनावटीची होती आणि २,९०० तासांहून अधिक चालली होती, अशा १६ विमानांवर निदान एक सुधारित इंजिन १५ दिवसांत बसवायला सांगितले होते.

मात्र डीजीसीए नेहमीच सवलत देते असे नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये याच इंजिनांच्या हाय प्रेशर कॉम्प्रेसरमधील (हवा दाबणाऱ्या भागातील) दोषावर युरोपीय विमान सुरक्षा यंत्रणेने तातडीचा निर्देश काढला, तेव्हा एकच इंजिन बाधित असलेल्या विमानांना काही बंधनांसह उडण्याची मुभा होती. डीजीसीएने १२ मार्चला अशी विमानेही थांबवली: इंडिगोची ८ आणि गोएअरची ३. तो निर्णय मला आजही योग्य वाटतो.

प्रतिसाद २
हे मान्य असले, तरी मुदतीचा हिशेब चुकला की काय होते तेही पाहावे. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेत साउथवेस्ट या विमान कंपनीच्या विमानाच्या इंजिनातील पंख्याचे पाते तुटले. त्यानंतर उत्पादकाने तपासणीची सूचना काढली आणि तेथील नियामकाने ती बंधनकारक करण्याचा प्रस्ताव २०१७ मध्ये मांडला. परंतु प्रस्तावाचा आदेश होण्याआधीच, १७ एप्रिल २०१८ रोजी, त्याच कंपनीच्या दुसऱ्या विमानात तसेच पाते तुटून एका प्रवासी महिलेचा जीव गेला. पात्यांच्या अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींनी आतली भेग शोधणाऱ्या) तपासणीचा आदेश मात्र त्यानंतर तीनच दिवसांत निघाला. जे तीन दिवसांत होऊ शकले ते आधीच्या कित्येक महिन्यांत का झाले नाही, हा प्रश्न मला फार अस्वस्थ करतो.

प्रश्नकर्ता
म्हणजे उत्पादकाची सूचना कंपनीला बंधनकारक नसते?

प्रतिसाद १ (देखभाल अभियंता, निवृत्त)
अशी सूचना, म्हणजे सर्व्हिस बुलेटिन, ही एरवी शिफारस असते. नियामकाने उड्डाणयोग्यता निर्देश काढला की तीच गोष्ट कायद्याने बंधनकारक होते, आणि दिलेल्या मुदतीत ते काम झाले नाही तर विमान उडवता येत नाही. काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर परवानाधारक अभियंत्याची सही लागते. रात्रपाळीत, सकाळचे पहिले उड्डाण तोंडावर असताना, ती सही अडवून धरण्याचे बळ अभियंत्याला या निर्देशातूनच मिळते. केवळ शिफारस असली की त्याला प्रत्येक वेळी वाद घालावा लागतो.