एवढं सोलर, एवढ्या ईव्ही, तरी आपलं कार्बन उत्सर्जन वाढतंच का?

खानदेशी_पोरगा:
मंडळी, घरोघरी एलईडी आले, आमच्या साक्रीकडे सोलर प्लांट उभा राहिला, गल्लीत इलेक्ट्रिक स्कूटर दिसायला लागल्या, तरी 2020 चं लॉकडाऊनचं वर्ष सोडलं तर गेल्या वीसेक वर्षांत देशाचं उत्सर्जन चढतच गेलंय. मग या टेक्नॉलॉजीचा फायदा जातो कुठे? आणि वीज कोळशाचीच असेल तर मी ईव्ही घेऊन काय फरक पडणार? घ्यायचा विचार चाललाय म्हणून विचारतोय.

युनिटवाला:
स्कूटरचा हिशोब सोपा आहे. शंभर किमीला साधारण तीन युनिट, आपल्या ग्रिडवर, म्हणजे सगळी वीजकेंद्रं जोडणाऱ्या तारांच्या जाळ्यावर, युनिटमागे 700 ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, म्हणजे दोन किलोच्या थोडं वर. पेट्रोलवाली 50 चं ॲव्हरेज देते धरली तरी दोन लिटर जाळणार, लिटरमागे 2.3 किलो, झाले साडेचार. कोळशाच्या विजेवरसुद्धा निम्म्यावर येतंय, बिनधास्त घ्या.

सांगलीची_मेघा:
शोध लागला म्हणून काही होत नाही हो, तो स्वस्त होऊन घरात यावा लागतो. एलईडीचंच बघा ना, 2014 च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत एक बल्ब 310 रुपयांना पडत होता, मग उजाला योजनेत एकगठ्ठा टेंडरं निघाली आणि दोन-अडीच वर्षांत तोच 38 रुपयांवर आला, आजवर 36 कोटींच्या वर बल्ब वाटले गेलेत. बल्ब नवीन नव्हता, खरेदीची पद्धत नवीन होती.

कोळसा_ते_वारा:
मेघाताईंचं पटलं, पण मूळ प्रश्न राहिला. जीडीपीच्या तुलनेत, म्हणजे देशाच्या दर रुपयाच्या उत्पादनामागे, आपलं उत्सर्जन 2005 ते 2020 मध्ये 36 टक्क्यांनी कमी झालंय, फायदा तिथे दिसतो. एकूण आकडा वाढतो कारण मागणी त्याहून जोरात वाढते, एसी, सिमेंट, स्टील सगळंच, आणि ती वाढायलाच हवी, आपलं माणशी उत्सर्जन अजून जगाच्या सरासरीच्या निम्म्यालाही पोचलेलं नाही. ब्रिटनमध्ये 2012 ला 40 टक्के वीज कोळशाची होती आणि 30 सप्टेंबर 2024 ला शेवटचा कोळसा प्लांट बंद झाला, पण तिथे विजेची मागणी वाढत नव्हती, वर कोळशावर कार्बनचा कर बसवला, त्यामुळे पवनचक्क्यांनी जुन्याची जागा घेतली. आपल्याकडे सोलर जुन्याच्या जोडीला येतंय, जागी नाही. माझ्या मते खरी अडचण साठवणुकीची आहे, दुपारी सोलर भरपूर आणि संध्याकाळी सातला सगळ्यांचे दिवे-पंखे चालू झाले की परत कोळसाच. घाटघरसारखे जादा विजेवर पाणी वर चढवून ठेवणारे आणि लागेल तेव्हा ते खाली सोडून वीज काढणारे प्रकल्प आणि बॅटऱ्या यावर आता पैसा लागला पाहिजे.

खानदेशी_पोरगा:
म्हणजे मी रात्री चार्जिंगला लावली तर कोळशावर आणि दुपारी लावली तर सोलरवर, असं?

युनिटवाला:
अगदी तसं वेगळं काढता येत नाही, ग्रिडमध्ये सगळी वीज एकत्रच असते, पण दुपारी लावलेली केव्हाही बरी. ऑफिसच्या पार्किंगला पॉइंट मागून बघा.