साडी दाखवायची म्हणून मला पुतळ्यासारखं वळवायचं का?

काठपदर: लक्ष्मी रोडवरच्या एका साडीच्या दुकानात कामाला आहे. गिऱ्हाईक माझ्याकडे न बघता शेठना म्हणतं, "ही हिच्या अंगावर टाकून दाखवा." शेठ खांद्याला धरून मला वळवतात, पदर टाकतात. "हिच्यावर रंग उठत नाही, गोरी कोणी नाही का?" हेही माझ्यासमोरच. सकाळी दहा ते रात्री साडेनऊ उभं राहायचं. स्टूल आहे, पण ते वरच्या फळीवरचे गठ्ठे काढायला. मन मारून हसत राहा, असं सगळे सांगतात. मला ते पटत नाही. बोलायलाच हवं. तुमचं मत?

गादीवाला: माझं स्वतःचं दुकान आहे. असहमत. अंगावर टाकल्याशिवाय पदर कसा पडतो ते कळत नाही. आमचे पुरुष सेल्समनही साडी नेसून दाखवतात, कोणी मनाला लावून घेत नाही. आणि बसलेला नोकर दिसला की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. तोंड उघडलंत तर सीझन संपल्यावर पहिलं नाव तुमचं कापलं जाईल. काळजीनेच सांगतोय.

उंबरठा: काका, तुमचा सेल्समन स्वतःच्या हाताने नेसतो. हिला दुसराच धरून वळवतो. हा फरक तुम्हाला दिसत नाही? बसण्याचं म्हणाल, तर केरळमध्ये दुकानांत काम करणाऱ्या बायकाच यासाठी रस्त्यावर उतरल्या. कोझिकोडच्या 'पेण्कूट्ट' संघटनेने हा विषय लावून धरला. २०१८ मध्ये केरळने कायद्यात बदल केला, २०२१ मध्ये तामिळनाडूने. तिथली कापडदुकानं काही ओस पडली नाहीत. उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय द्या, हे १९४८ च्या कारखाना कायद्यातही होतं. दुकानातल्या बाईचे पाय वेगळे असतात का?

माई_सातारा: नोकरी जाण्याची भीती खोटी नाही, तिला भाडं भरायचंय. म्हणून आधी एवढंच कर: शेठचा हात पुढे आला की "द्या इकडे, मी टाकते" म्हणून पदर आपल्या हातात घे. तरीही हात लावला, तर तारीख-वार लिहून ठेव. नकोसा स्पर्श कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात बसतो. दुकानात दहापेक्षा कमी माणसं असली तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, तीन महिन्यांच्या आत.

गादीवाला: खांद्याला धरणं चूकच, ते मान्य. गर्दी नसताना बसू द्यायलाही हरकत नाही. लग्नसराईत मात्र जमणार नाही.

काठपदर: पाय लग्नसराईतच सुजतात, काका. माई, उद्यापासून पदर माझ्या हातात.