सिॲटल ईस्टसाइड: बेघरांच्या इमारतीविरुद्ध सही करावी का?

कोथरूडकर_ईस्टसाइड
नमस्कार मंडळी. आम्ही पुण्याहून इकडे ईस्टसाइडला, म्हणजे सिॲटलच्या पूर्वेकडच्या उपनगरांत आलो आणि गेल्या वर्षी घर घेतलं. आमच्या कम्युनिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निवेदन फिरतंय. लाइट रेलच्या स्टेशनजवळ बेघर लोकांसाठी कायमच्या घरांची इमारत होणार आहे, तिच्या विरोधात सह्या गोळा करताहेत. निम्मी नावं आपली, भारतीय. मी अजून सही केलेली नाही.

पण मला बोचतंय ते वेगळंच. ऑफिससाठी सिॲटल डाउनटाउनला जातो. थर्ड अव्हेन्यूवर फुटपाथवर झोपलेल्यांमध्ये काळे लोक इतके का? माझ्या ऑफिसात, आमच्या गल्लीत, मुलीच्या वर्गात ते जवळजवळ दिसतच नाहीत. ग्रुपवर विचारलं तर "काम नको, नशा हवी" असं उत्तर आलं. ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. इथल्या जुन्या लोकांनी सांगावं.

सई_ची_आई
मी सही केली आहे. माझा मुलगा सातवीत आहे, शाळेतून एकटा येतो. बसस्टॉपच्या बाकाखाली जळालेलं फॉइल आणि सुई मी स्वतः पाहिली आहे. त्या माणसांना घर मिळू नये असं मला वाटत नाही. पण रात्री-अपरात्री तिथे कोण येणार-जाणार, गडबड झाली तर कोणाला फोन करायचा, हे आम्हाला कुणी नीट सांगितलेलं नाही. आईला भीती वाटली की ती लगेच वर्णद्वेषी ठरते, हे मला मान्य नाही.

जुनी_खरेदीखतं
मी १९९६ पासून इथे आहे, टायटल कंपनीत काम करते. घर विकलं जाताना जमिनीचे जुने कागद तपासायचे, हे माझं रोजचं काम. कोथरूडकर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्या कागदांत आहे.

१९२०-४० च्या दशकांत पाडलेल्या प्लॉटच्या अटींमध्ये सर्रास लिहिलेलं असतं की या जागेत गोऱ्या वंशाखेरीज कुणी राहू शकणार नाही, घरकामाचा नोकर सोडून. ब्रॉडमूर, ब्लू रिज अशा वस्त्यांच्या कागदांत हे आहे. काही ठिकाणी "आशियाई" असंही स्पष्ट आहे, म्हणजे तुम्ही आणि मीसुद्धा. १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अशा अटी कोर्टं अमलात आणू शकत नाहीत. तरी व्यवहार तसेच चालू राहिले. १९६४ मध्ये घर देताना वर्ण बघू नये असा कायदा सिॲटलच्या मतदारांपुढे आला, तो त्यांनी दोनास एकपेक्षा जास्त मतांनी पाडला. अखेर एप्रिल १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर काही आठवड्यांत, शहराच्या कौन्सिलनं तो केला.

तोवर काळ्या कुटुंबांना जागा मिळायची ती मुख्यतः सिॲटलच्या सेंट्रल डिस्ट्रिक्ट या भागात, आणि बँका त्या भागाला कर्ज द्यायला नाखूश. १९७० च्या सुमारास तिथले दहातले सात रहिवासी काळे होते. आज पाचातला एकही नाही. शहरात टेकचा पैसा आला, भाडी चढली, माणसं दक्षिणेला रेंटन, केंट अशी सरकत गेली. आपली गावकुसाबाहेरची वस्ती आठवा, आणि मग त्याच वस्तीच्या जमिनीला सोन्याचा भाव आल्यावर काय होतं ते बघा.

माझ्या टेबलावर येणाऱ्या फाइलींत हे स्पष्ट दिसतं. ज्याच्या आजोबांना १९५० मध्ये उत्तर सिॲटलमध्ये घर घेता आलं, त्याच्या नातवाची नोकरी गेली तर तो आईवडिलांच्या बेसमेंटमध्ये राहतो. ज्याच्या आजोबांना नाकारलं, त्याच्या सगळ्या गोतावळ्यात जास्तीची खोली कुणाकडेच नाही. नशा दोघंही करत असतील. रस्त्यावर एकच येतो.

किंग काउंटीत, म्हणजे सिॲटल आणि ईस्टसाइड ज्यात येतात त्या जिल्ह्यात, काळे लोक साधारण ७ टक्के. २०२४ च्या मोजणीत इथे १६ हजारांहून जास्त बेघर निघाले, त्यांत काळ्यांचा वाटा त्याच्या दुपटीहून अधिक. मूळनिवासींचं प्रमाण तर त्याहून विषम. आणि हे केवळ गरिबीनं होतं म्हणावं तर डेट्रॉइट सिॲटलपेक्षा कितीतरी गरीब आहे, पण लोकसंख्येच्या मानानं बेघर तिथे कमी, कारण तिथे घर परवडतं.

सही करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. केनमोरनं जानेवारी २०२४ मध्ये अशीच १०० घरांची इमारत नाकारली, पुढच्याच महिन्यात रेडमंडच्या कौन्सिलनं ती घ्यायचं ठरवलं. प्रत्येक गावानं पुढच्या गावाकडे बोट दाखवलं तर ती माणसं थर्ड अव्हेन्यूवरच राहणार.

रात्रपाळी
मी इमर्जन्सीत नर्स आहे. सईच्या आई, तुमची भीती खोटी नाही. पण ती सुई बाकाखाली येते कारण त्या माणसाला दार लावून घ्यायला खोली नाही. आम्ही साखर वाढलेल्या पेशंटला इन्शुलिन देऊन सोडतो. तंबूत तो फ्रिज कुठून आणणार? पाय सडतो आणि तो परत येतो. ज्यांना आधी घर मिळालं आणि मग उपचार, त्यांचं माझ्याकडे येणं कमी झालं, हे मी स्वतः पाहते आहे. ह्यूस्टननं हाच मार्ग धरून २०११ पासून बेघरांची संख्या निम्म्याहून खाली आणली.

कौन्सिलच्या सभेत कुणालाही दोन-तीन मिनिटं बोलता येतं. तिथे विचारा: चोवीस तास कर्मचारी असणार का, रात्रीचा फोन नंबर कोणता, आत कुणाला घेणार? हे लेखी मागा. मी सोबत येईन.

सई_ची_आई
सभेला येते. सही मागे घेईन की नाही ते उत्तरं ऐकून ठरवेन.

कोथरूडकर_ईस्टसाइड
खूप आभार. ताई, आमचं घर नवं बांधलेलं आहे. तरी त्याच्या कागदांत अशी अट असू शकते?

जुनी_खरेदीखतं
असू शकते. अट इमारतीला नाही, प्लॉटला चिकटलेली असते. क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदीचा व्यवहार पूर्ण झाला त्या वेळचा टायटल रिपोर्ट काढा, जुन्या अटींचे नंबर त्यात असतील. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टननं अशा जागांचा नकाशा केला आहे, तोही पाहा. सापडली तर काउंटीच्या रेकॉर्डर ऑफिसात दुरुस्तीचा कागद नोंदवता येतो, फी लागत नाही. जुना मजकूर पुसला जात नाही, तो रद्दबातल असल्याची नोंद होते.

आणखी एक. २०२४ पासून मालमत्तेच्या बहुतेक कागदांच्या नोंदणीवर राज्य १०० डॉलर जादा घेतं. त्यातून, अशा भेदभावाची झळ बसलेल्या समाजांतल्या लोकांना पहिल्या घराच्या डाउन पेमेंटसाठी कर्ज मिळतं. यादीत भारतीय वंशाचे लोकही आहेत, पण स्वतः, आईवडील, आजीआजोबा किंवा पणजीपणजोबा एप्रिल १९६८ पूर्वी या राज्यात राहत असले पाहिजेत. आपल्याला ते लागू नाही. तुम्ही गेल्या वर्षी घर घेतलंत, म्हणजे क्लोजिंगच्या हिशेबात ते १०० डॉलर सापडतील.