लाखेची चिंबोरी: खायची की सोडायची?

खाजणबांध
गेल्या आठवड्यापासून एक पोस्ट सगळीकडे फिरते आहे. मजकूर थोडक्यात असा: "पोटात लाख असलेली चिंबोरी खाणं म्हणजे लाखो पिल्लं मारणं. जून-जुलैत खाडीतली चिंबोरी पकडणं पूर्ण बंद करा." ही पोस्ट पुढे ढकलणाऱ्यांनी आधी एखादी चिंबोरी उलटी करून पाहावी.

लाख म्हणजे कवचाच्या आतलं केशरी अंडाशय. अंडी वेगळी. ती पोटाच्या झाकणाखाली, केसाळ पायांना गुच्छासारखी बाहेर चिकटलेली असतात. आधी पिवळी-केशरी, मग तपकिरी, आणि पिल्लं सुटायच्या वेळी काळपट. हे सगळं दहा-बारा दिवसांत उरकतं. आणि अशी मादी खाडीत सहसा सापडतच नाही. लाख पिकली की ती सुकतीबरोबर, म्हणजे ओहोटीबरोबर, खाडीच्या तोंडाकडे सरकते आणि बाहेर समुद्रात जाते. अंडी पायांना धरायला खाली वाळू लागते. वाळू नसेल तर अंडी गळून जातात, म्हणून हॅचरीच्या, म्हणजे पिल्लं तयार करायच्या केंद्राच्या, टाकीतही वाळूचा थर घालावा लागतो. बारीक पिल्लांना जवळपास समुद्राइतकं खारं पाणी हवं. जुलैच्या पुरात गोडसर झालेल्या खाडीत ती तगणार कशी?

म्हणजे बंदी खाडीवर आणि अंडीवाली मादी बाहेर समुद्रात, ट्रॉलच्या (नौकेमागे ओढायच्या) जाळ्यात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौका तशाही बंदच असतात. ही नवी बंदी फक्त आकडी (बिळातून चिंबोरी ओढायचा हूक) आणि फग (आमिषाचा जाळीदार सापळा) घेऊन चिखलात उतरणाऱ्यांवर येणार.

सागरमत्स्य
शरीररचना बरोबर सांगितलीत, निष्कर्ष मात्र उलटा काढलात. पिकलेल्या लाखेची मादी हीच उद्या समुद्रात जाणारी मादी. ती फगात आली तर अंडी घालायच्या आधीच संपली. नराचं वीर्य ती साठवून ठेवते आणि एका मीलनावर एकापाठोपाठ एक दोन-तीन वेळा अंडी घालू शकते, दर खेपेला दहा लाखांच्या वर. त्यातली मोजकीच जगतात, म्हणून तर प्रत्येक मादी मोलाची. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये मादी पकडायला सरळ मनाई आहे. नराचंही कवच रुंदीला 15 सेंमी भरावं लागतं.

खाजणबांध
त्याच ऑस्ट्रेलियात, शेजारच्या नॉर्दर्न टेरिटरीत मादी चालते, मापाची अट घालून. ते का नाही सांगितलं? आपल्याकडे लाखेच्या मादीला हक्काचं गिऱ्हाईक आहे. उद्या मनाई केलीत तर ती मागच्या दाराने विकली जाईल, आणि माप कोणी बघणार नाही ते वेगळंच.

नियम हवा तर झाकणाचा करा. मादीचं झाकण त्रिकोणी असेल तर ती वयात आलेली नाही, सोडा. रुंद, गोल, काळपट आणि कडेला केसांची झालर असेल तर वयात आलेली. हे अंधारातही बोटाने कळतं, फूटपट्टी लागत नाही. 2023 मध्ये राज्याने 54 जातींची किमान मापं ठरवली, चांगलं केलं. पण आपल्या खाड्यांत चिखलातल्या चिंबोरीच्या दोन जाती आहेत. मोठीची मादी साधारण 12 सेंमीला वयात येते, लाल नांगीची धाकटी 9 च्या आसपास. दोघींना एकच माप लावलं तर एकीवर अन्याय होणारच. मोठीच्या नांगीच्या मनगटावर बाहेरून दोन टोकदार काटे असतात आणि सगळ्या पायांवर जाळीची नक्षी. धाकटीला एखादा बोथट काटा, नाहीतर तोही नाही.

भांगउधाण
झाकण, काटे सगळं मान्य. पण साधी गोष्ट कोणीच बोलत नाही. पौर्णिमेला चिंबोरी पोकळ, अमावास्येला भरलेली, हे अख्ख्या कोकणाला ठाऊक आहे. पौर्णिमेचा आठवडा पकडणं बंद ठेवा. पोकळ चिंबोरीला नाहीतरी भाव नसतो, नुकसान कोणाचंच नाही.

सागरमत्स्य
चंद्राचा आणि मांसाचा थेट संबंध नाही हो. चिंबोरी पोकळ होते ती कात टाकल्यावर. जुनं कवच सोडलं की पाणी पिऊन अंग फुगवते, नवं कवच त्या मापावर टणक होतं आणि आत निम्मं पाणीच राहतं. ते मांसाने भरायला तीन-चार आठवडे लागतात. वाढलेली चिंबोरी काही महिन्यांनी एकदा कात टाकते. मग दर पंधरवड्याला ती भरते कशी आणि रिकामी होते कशी? उधाण म्हणाल तर ते दोन्ही तिथींना येतं, मग फरक कशाने पडला?

भांगउधाण
म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या फग लावणारे वेडे, आणि तुम्ही पुस्तकवाले शहाणे? बाजारात पौर्णिमेला उभे राहा आणि चिंबोऱ्या दाबून पाहा. मग बोला.

कुर्लीप्रेमी, मालवण
दोघांनीही आवाज खाली आणा. एकच कुर्ली, म्हणजे तुमची चिंबोरी, पंधरा दिवसांत भरते आणि रिकामी होते असं कोणी जाणता कोळी म्हणत नाही. तो म्हणतो की *मिळतात* त्या पोकळ. यात अर्थ असू शकतो. कात टाकून कवच टणक झालेली कुर्ली भुकेने वखवखलेली असते, ती पौर्णिमेच्या उजेडातही आमिषावर येते. भरलेली कात टाकायच्या आधी खाणंच सोडते, बिळातून हलत नाही. त्यामुळे फगात पोकळ जास्त आणि आकडीने बिळातून काढलेल्यांत भरलेल्या जास्त, असा फरक पडतोच. तिथीच्या आधी साधन विचारा.

आणि पारख तिथीवर सोडूच नका. कुर्ली उलटी करून मागच्या पायांच्या मुळाशी, पोटाकडच्या कवचावर अंगठा दाबा. दबलं तर पाणी, दगडासारखं लागलं तर मांस. नांगीचे दात झिजलेले, कवच मळकट, वर शंखवळ (कवचावर वाढणारे टणक बारीक जीव) चिकटलेली असेल तर ती कात टाकून बरेच दिवस झालेली, म्हणजे भरलेली. लखलखीत कवच आणि धारदार दात दिसले की समजा नुकतीच कात टाकलेली.

सागरमत्स्य
साधनाचा मुद्दा पटण्यासारखा आहे. पण त्यावरून पौर्णिमेला बंदी घालायचा निष्कर्ष काढू नका, एवढंच माझं म्हणणं.

भांगउधाण
काढणार. पोकळ पकडली की ती मातीमोल जाते, हे तरी मान्य करा.

कुर्लीप्रेमी, मालवण
जायचं कारण नाही. पोकळ कुर्ली जाळीच्या कोंडीत ठेवून वीस ते तीस दिवस खाऊ घातली की भरते. रोज वजनाच्या पाच ते दहा टक्के स्वस्त मासळी, संध्याकाळी घालायची. उरलेलं सकाळी काढलं नाही तर पाणी नासतं. एका मापाच्या एकत्र ठेवा आणि लपायला पाइपाचे तुकडे टाका. एकीने कात टाकली की बाकीच्या तिला फाडून खातात, बहुतेकांचं नुकसान इथेच होतं. कवच मऊ दिसलं की तिला लगेच वेगळी करा.

तिवरवन
पौर्णिमेवर एवढं रामायण, आणि तिवरांवर (खारफुटीवर) एक ओळ नाही! मादी सोडा, माप ठेवा, लाख वाचवा, पण पिल्लू परत येणार कुठे? समुद्रातून ते खाडीत शिरतं तेव्हा जेमतेम तीन-चार मिलिमीटरचं असतं. त्याला तिवरांच्या मुळांतला चिखल हवा. तिथे भराव पडलाय. खारबांधाच्या उघाड्या (बांधातली पाण्याची दारं) गाळाने बुजल्या आहेत, नाहीतर झडप कायमची बंद. भरतीचं पाणी आत येत नाही, आतलं खाजण (खाडीलगतची खारी जमीन) गोडं होतं, तिवर मरतात. 2018 मध्ये उच्च न्यायालयाने तिवरं तोडण्याविरुद्ध स्पष्ट निकाल दिला, पण झाड न तोडता नुसतं पाणी अडवूनही ते मारता येतं, त्याचं काय? तुमच्यापैकी कोणी उघाडी साफ करायचा ठराव ग्रामसभेत मांडलाय का?

खाजणबांध
तिवरवन, उघाडीचं शंभर टक्के खरं. तरी धागा मादीचा आहे, तिकडे येतो. सागरमत्स्य, पूर्ण मनाई मला मान्य नाही. पण पूर्ण पिकलेली लाख तेवढी सोडायची, हे चालेल. फक्त ती जिवंतपणी ओळखायची कशी, ते चिखलात उभ्या माणसाला कळेल असं सांगा.

सागरमत्स्य
नांग्या बांधून घ्या. मागून धरा, कवच आणि झाकण जिथे जोडलेलं असतं तिथली झाकणाची पहिली कडी अंगठ्याने खाली दाबा. फटीत पातळ पडदा दिसेल. त्यातून पांढरट-पिवळट दिसलं तर लाख कच्ची. गडद केशरी दिसलं आणि फट भरून आलेली असेल तर ती निघायच्या बेतात आहे, तिला सोडा. सोडताना सुकतीच्या धारेला, खाडीच्या तोंडाच्या बाजूला सोडा. बांधाच्या आत टाकलीत तर ती उघाडीपाशी अडकते आणि दुसऱ्याच्या फगात जाते.